हातानं मागितलेलं दूध

सांगवीच्या सावळारामची बायको म्हाळसा हिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळं बोलताही येत नव्हतं. भाजीच्या रानात तिच्या तोडीचं काम कुणाला जमत नसे. घरात मात्र तिचं सगळं हातवाऱ्यांवर चालायचं. त्र्याण्णव साली तिला मुलगी झाली. नाव ठेवलं सोनल.

बारशानंतर सासू रंगूबाईनं पाळण्यामागं उभं राहून तांब्यावर चमचा वाजवून बघितला. पोर दचकली. रंगूबाईचा जीव भांड्यात पडला, पण लगेच दुसरी काळजी लागली. पोरीला ऐकू येतंय हे खरं, पण आईच बोलत नाही, तर ती शिकणार कशी? डोस पाजायला बारामतीला नेल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की घरातल्या बाकीच्यांनी तिच्याशी भरपूर बोलावं, पोर शिकेल. रंगूबाईला ते पटलं नाही.

सोनल वाढत होती ती आपल्याच तऱ्हेनं. तीन-चार महिन्यांची असताना आईच्या तोंडावरची नजर हलवायची नाही. म्हाळसा गाल फुगवायची, भुवया नाचवायची आणि पोर खदखदून हसायची. बसायला लागल्यावर तिच्या रडण्यातही फरक पडला. आजीजवळ असली की भोकाड पसरायची. आई पाठमोरी असली, की हातातला खुळखुळा आधी तिच्याकडं भिरकवायची. ती वळली, की मग ओठ काढायचे.

रंगूबाईला वाटलं, पोर आईपाशी राहून मुकी होत चाललीय. तिची लेक सारजा इंदापूरला दिलेली. भरलं घर, दिवसभर पोरांची बडबड. बोलायला लागेपर्यंत सोनलला तिकडं ठेवायचं रंगूबाईनं ठरवलं. सावळाराम आईचा शब्द मोडत नसे. म्हाळसाला खुणेनं सांगितलं तेव्हा तिनं निमूटपणे पोरीचे कपडे बांधले, पण एसटी येईपर्यंत तिला छातीपासून सोडलं नाही.

सोनल तेव्हा नऊ महिन्यांची होती. रंगूबाई तिला घेऊन इंदापुरात पोचली, तशी सारजाच्या पोरांनी सोनलला घेरलं. दुपार कलल्यावर सोनलनं हात पुढं केला आणि मूठ उघडमिट करू लागली. पोरांना वाटलं, टाटा करतीय. त्यांनीही टाटा केला. सोनलनं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं आणि दोन्ही हातांनी तेच केलं. कुणालाच कळेना, तेव्हा ती जी रडायला लागली ती थांबेना. सारजानं भरवलेली खीरही तिनं थुंकून टाकली.

परसात जावई म्हशीची धार काढत होते. रंगूबाईचं लक्ष त्यांच्या मुठीकडं गेलं, मग पोरीच्या मुठीकडं. घरी पोरीला पाजायला घेण्याआधी म्हाळसा दर वेळी असाच हात करायची. रंगूबाई ते रोज बघत होती, आणि तिला ते कधी दिसलंच नव्हतं.

"सारजे, दूध मागतीया ती," रंगूबाई म्हणाली. "पोर कवाची बोलतीया. आपल्यालाच कळंना."

वाटीभर दूध पिऊन सोनल शांत झाली. रंगूबाई तिच्याकडं बघत बसून राहिली. शेजारणीचं तेवढंच लेकरू भूक लागली की नुसतं रडत होतं. हिनं तर दुधाला दूध म्हणून मागितलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ती पोरीला घेऊन परतली. म्हाळसा वांग्याच्या रानात होती. पोरीला तिच्या हाती देण्याआधी रंगूबाईनं स्वतःची मूठ उघडमिट करून दाखवली आणि पोरीकडं बोट केलं. म्हाळसा सासूच्या हाताकडं बघत राहिली. मग हसली आणि पदरानं डोळे पुसले. त्या दिवसापासून रंगूबाई तिला एकेक खूण विचारू लागली. पाण्याची कशी, झोपेची कशी, ये म्हणायचं कसं.

वर्षाची होता होता सोनल भिंतीला धरून चालू लागली. एका दुपारी ती आजीपाशी येऊन म्हणाली, "आजी, पा." रंगूबाईनं तिला पाणी पाजलं. घोटभर पिऊन पोर आईकडं निघाली. म्हाळसा पाठमोरी बसून मेथी निवडत होती. सोनलनं हाक मारली नाही. पदर ओढला, आई वळेपर्यंत थांबली, आणि मग अंगठा ओठाला लावून तिच्याकडंही पाणी मागितलं.

संध्याकाळी बाजारातून आलेल्या सावळारामला रंगूबाईनं हे सगळं दोनदा सांगितलं.

"एवढीशी हाय," ती म्हणाली, "पन कुनाशी कसं बोलायचं ते तिला कळतंय. कुनी शिकिवलं न्हाय रं. तिचं तिनंच वळखलं."