पातळ पट्टीखालचा बोल्ट

मी एक जुना बोल्ट आहे. गाड्या दुरुस्त करायच्या शेडमध्ये, छताच्या लोखंडी तुळईला मी आणि माझा जोडीदार एक पट्टी धरून ठेवतो. पट्टीच्या मध्यावर हुक, हुकाला साखळी आणि साखळीला इंजिन. बोल्ट अडकलेलाच असायचा, असं म्हणून हसू नका, मित्रांनो. नीट अडकणं निराळं आणि कोंडीत सापडणं निराळं.

कारखान्यात मला लालबुंद तापवून माझं डोकं घडवलं, मग आटे पाडले. इथली पहिली पट्टी चांगली जाड होती. इंजिनाचं ओझं आम्ही दोघांनी निम्मं निम्मं वाटून घेतलं आणि कधी हूं की चूं केलं नाही. शेडची मालकीण, म्हणजे ताई, येणाऱ्याजाणाऱ्याला आमचं कौतुक सांगायची. तेव्हा माझ्या लोखंडी अंगावरही मूठभर मांस चढायचं.

मग ती पट्टी गंजली. ताईच्या धाकट्या भावाने हाताशी होती ती पातळ पट्टी बसवली. बोल्ट तर तेच आहेत, असं त्याचं म्हणणं. पण भार आला की ही पट्टी मध्यावर वाकते, तिथे फट पडते आणि तिच्या कडा तुळईवर रेटतात. पहारीने खिळा उपटावा तशी ती आम्हाला उपटू बघते. इंजिनाचं ओझं आहेच, वर हा जाच.

मला ओरडता येत नाही, म्हणून मी करकरतो. ताईचे कान तिखट आहेत. ती सांगते, आणि तिचा भाऊ शहाण्यासारखा आधी इंजिन उतरवतो, मगच शिडी लावतो. पण भार उतरला की पट्टी सरळ होते आणि फट मिटते. तो मला आणखी आवळतो नि उतरतो. माझा जीव मात्र कासावीस होतो.

आज जोडीदाराच्या डोक्याखाली तडा गेला. वॉशरमुळे तो दिसत नाही. इंजिन पुन्हा वर चढलं आहे.

"आज राहू दे रे," ताई म्हणाली.

"आत्ताच तर बघितलं, ताई. घट्ट आहे," म्हणत तो इंजिनाखाली सरकला.

मित्रांनो, ओझं वाहणाऱ्याचं दुखणं ओझं असतानाच बघा, लांब उभं राहून. मी जिवाच्या आकांताने करकरतो आहे. ताईने कान टवकारले आहेत. ताई, आता शिडी नको. त्याला बाहेर बोलाव आणि वर बघ.