कथेतली हाळी

मी एक जुना मोबाईल आहे. मित्रांनो, माझी काच कोपऱ्यात तडकली आहे, पाठ फुगली आहे आणि आपण केव्हा बंद पडू या धास्तीतच माझा दिवस जातो.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी लखलखीत होतो. पाटोद्याच्या दुकानातून बजरंगने मला आणले. पुढे त्याने नवा मोबाईल घेतला आणि मी त्याच्या बायकोकडे, सुकन्याकडे आलो. पालीच्या धरणाजवळ सासऱ्यांसोबत मेंढ्या राखता राखता तिने माझ्यावर अंगठ्याने कथा लिहिल्या. पुण्याच्या एका प्रकाशकाने त्या कथांचे पुस्तक काढले. "समदं ह्याच्यावरच लिवलं म्या," असे ती मला पदराने पुसत सांगे, तेव्हा मी सुखावून जाई. पण तापल्या दगडावर मला विसरून जाणारीही तीच. उन्हाने माझी बॅटरी फुगली.

हे प्रकाशक दर शनिवारी लेखकांचे ऑनलाइन वाचन ठेवत. सुकन्याची पाळी आली तेव्हा मी सुरुवातीलाच बंद पडलो. तिला आणखी एक संधी मिळाली. या वेळी तरी कथा शेवटापर्यंत पोचावी, एवढाच तिला आणि मला घोर होता.

रेंज धरणाच्या बांधावरच मिळते, म्हणून तिने मला तिथे घोंगडीच्या गुंडाळीला टेकवले आणि हातात पुस्तक उघडले. खाली सासरे म्हाळू मेंढ्या पाण्यावर लावत होते. त्यांनी तिची एकही कथा ऐकली नव्हती.

कथा कळपामागे राहिलेल्या गाभण मेंढीची होती. तीत मेंढ्यांना बोलावण्याची हाळी आली आणि सुकन्याने भान विसरून ती रानात देतात तशी मोकळ्या गळ्याने दिली. सगळा कळप पाणी सोडून बांधावर धावला. पडद्यावर लोकरच लोकर! पलीकडची माणसे हसू लागली.

"आगं बये, कावून हाळी दिलीस?" म्हाळू धापा टाकत आले. "आत्ता कुठं पाण्याला तोंड लावलतं त्यांनी!"

"मामा, म्या वाचायले!"

"मंग हळू वाच की! पुस्तकाला कान न्हाईत, ह्यांला हायेत."

"सुकन्याताई, थांबू नका," कार्यक्रम चालवणाऱ्या बाई म्हणाल्या. "आम्ही सगळे ऐकतोय."

म्हाळूंनी माझ्यात डोकावून पाहिले. "एवढी माणसं तुझं ऐकायलीत व्हय?" मग ते काठी आडवी धरून कळपासमोर उभे राहिले. "वाच. म्या अडवितो."

ती वाचू लागली. माझे अंग तापले, पडदा थरथरला. मी जीव धरून होतो. "मेंढीनं मान उचलली आन्..." इथेच मी विझलो.

सुकन्याने बटण दाबून दाबून पाहिले.

"आन् मंग?" म्हाळूंनी विचारले. "जगली का न्हाई ती?"

तिने त्यांच्याकडे पाहिले आणि शेवटचे पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचले.

म्हाळूंना शेवट कळला. पलीकडची माणसे मात्र तशीच ताटकळली असतील, ही रुखरुख मला सोडत नाही. मित्रांनो, आम्हाला वेळीच सावलीत ठेवा, वेळीच दुरुस्त करा. आम्ही बंद पडतो, तेव्हा कुणाचे तरी वाक्य आमच्यात अर्धे राहते.