वजन क्रमांक पाच

शंभरने बारा किलो वजन उतरवलं आणि त्या बारा किलोंखाली आपल्या सख्ख्या मेव्हण्याला असं चिरडलं, की तो गृहस्थ भर दुपारी अकराव्या मजल्याच्या जिन्यात बसून ओक्साबोक्शी रडला. हे वाक्य आपण वाचलेलं नाही. कुणी विचारलं तर सांगायचं, गोष्ट आत्ताच सुरू होतेय.

तर हा शंभर लिफ्ट दुरुस्तीच्या एका कंपनीत कामाला होता. मेकॅनिकची परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेला. पण सात वर्षांत त्याच्या हातात पाना म्हणून कुणी दिला नव्हता, कारण त्याचं वजन बरोब्बर शंभर किलो होतं.

झालं होतं असं, की लिफ्टला अधूनमधून शिकवावं लागतं, शंभर किलो म्हणजे किती. आत शंभर किलोचं काहीतरी ठेवायचं, बटणांची पेटी उघडून, बाहेरूनच हात घालून आकडा भरायचा. मग लिफ्ट त्यावरून बाकीचा अंदाज बांधते आणि माणसं जास्त झाली की टुंई टुंई करत दार उघडं टाकून बसते. कंपनीकडे यासाठी पंचवीस-पंचवीस किलोची चार लोखंडी वजनं होती. पण ती उचलायची म्हणजे कंबरेचा भुगा. शंभर मात्र स्वतःच्या पायांनी चालत येई, स्वतःच आत शिरे आणि काम झालं की स्वतःच बाहेर पडे. लोखंडाला एवढी अक्कल कुठली?

ही युक्ती सुपरवायझरची. सुपरवायझर म्हणजे शंभरच्या बायकोचा थोरला भाऊ. कामावर त्याची भाषा अशी: "ए शंभर, हो आत. मध्यभागी. हलू नकोस. विचारबिचार करू नकोस, काटा हलतो." आणि रविवारी दुपारी तोच माणूस शर्टाच्या बाह्या सरसावून वाढायला उभा राही, "अहो भावोजी, लाजता काय? घरचंच समजा. तो केकचा तुकडा काय माझ्यासाठी ठेवलाय?"

शंभरला वाटे, माणूस कामावर कडक आहे, पण मनाने लोण्याचा गोळा. असं त्याला सात वर्षं वाटलं.

मग एका मंगळवारी तो गोदामात ग्रीसचा डबा आणायला गेला आणि फळीवरची एक वही खाली पडली. साधनांच्या तपासणीची वही. उचलता उचलता त्याने वाचली.

वजन क्रमांक एक ते चार: लोखंड. स्थिती: किरकोळ गंज. उपाय: रंग देणे.

वजन क्रमांक पाच: मेव्हणा. गंज: नाही. या महिन्याची नोंद: साडेअठ्ठ्याण्णव किलो. उपाय: रविवारी जेवायला बोलावणे. केक ठेवणे.

शंभरने पान उलटलं. सात वर्षांचे रविवार ओळीने मांडले होते. लग्नाच्या वाढदिवसाची ती मेजवानी, जिच्यात सुपरवायझरने गहिवरून मिठी मारली होती, तिच्यापुढे लिहिलं होतं, 'तापामुळे झालेली दोन किलोंची घट भरून काढली.' मिठीपुढेही बारीक अक्षरात काहीतरी होतं. पोटाचा घेर अंदाजे बरोबर, असं.

त्याने वही जागेवर ठेवली, ग्रीसचा डबा उचलला आणि दातओठ खात परत आला. दिवसभर तो तीन लिफ्टमध्ये उभा राहिला. एकदाही हलला नाही. माणूस सुडाच्या विचारात असला की फार स्थिर उभा राहतो.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. बायको एका आहारतज्ज्ञ बाईंकडे रिसेप्शनवर होती. लोकांना नंबरानुसार आत सोडायचं आणि आत काय चाललंय ते दाराआडून ऐकायचं, असं दुहेरी काम.

"दादाने मिठीचंसुद्धा माप घेतलं?" ती म्हणाली.

"अंदाजे बरोबर आलं, लिहिलंय."

"मग आता करणार काय तू?"

"वजन उतरवणार. त्याला न सांगता."

"आणि रविवारी? ताटात कमी घेतलंस तर तो तिथेच नाडी तपासेल."

इथे खरी अडचण होती. खाणं कमी केलेलं दिसतं. शंभर विचारात पडला. मग त्याने विचारलं, "ते सोळा तासांचं असतं ना गं काहीतरी? घड्याळ लावून खायचं?"

"सोळा-आठ. दुपारी बारा ते रात्री आठ खायचं, उरलेले सोळा तास पाणी नाहीतर बिनसाखरेची कॉफी. अर्धी गर्दी तेच विचारायला येते."

"बाई काय म्हणतात?"

"बाई म्हणतात, जादू नाही. रोजचं थोडंथोडं कमी खाल्लं तरी तेवढंच उतरतं. कुणाला घड्याळ सोपं जातं, कुणाला ताट. मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरला विचारायचं, आणि आठ तास मिळाले म्हणून आठही तास चरायचं नाही."

"म्हणजे फायद्याचं आहे की नाही?"

"तुझ्यासाठी आहे," बायको म्हणाली. "दादा तुला दुपारी एकला जेवताना बघतो. सकाळी आठला न खाताना तुला कोण बघणार?"

झालं, निर्णय पक्का. आजवर लोकांनी हा प्रकार तब्येतीसाठी केला असेल, लग्नातल्या कपड्यांसाठी केला असेल. पण न खाताना कुणाला दिसत नाही एवढ्याच गुणासाठी तो निवडणारा शंभर पहिलाच.

पहिला आठवडा वाईट गेला. सकाळी दहा वाजता त्याला लिफ्टची बटणं बिस्किटांसारखी दिसत. चारचं बटण जरा जास्त भाजलेलं वाटे. अकरा वाजता तो सुपरवायझरच्या मानेकडे बघे, तेव्हा त्यात भूक किती आणि राग किती हे त्याचं त्यालाच कळत नसे. पण तिसऱ्या आठवड्यात पोट शहाणं झालं. रात्री दहाचा केक सुटला, सकाळच्या तीन चमचे साखरेच्या दोन कॉफ्या सुटल्या.

"मग घड्याळाने उतरतंय की केक सुटला म्हणून?" त्याने बायकोला विचारलं.

"बाई म्हणतात, केक सुटला म्हणून. पण केक घड्याळाने सोडवला."

"बाईंना म्हणावं, रागाचंही थोडं श्रेय द्या."

दर महिन्याच्या एक तारखेला सुपरवायझर त्याला गोदामातल्या काट्यावर उभा करी. पहिल्या महिन्यात तीन किलो कमी होते. शंभरने खिशात पाने भरले. सात वर्षांत पहिल्यांदा त्याच्याजवळ पाने आले आणि तेही असे. दुसऱ्या महिन्यात सहा, म्हणजे पाने आणि एक हातोडी. तेवढ्याने भागेना. तेव्हा तो कंबरेला साखळी गुंडाळून, पॅन्ट दोन्ही हातांनी धरून, नव्या नवरीसारखी पावलं टाकत काट्यावर चढला.

"शाब्बास," सुपरवायझर वहीत लिहीत म्हणाला. "शंभर म्हणजे शंभर. वाळल्यासारखा दिसतोस, पण काटा खोटं बोलत नाही."

दरम्यान लिफ्टचं शिकवणं चालूच होतं. चौऱ्याण्णव किलोचा माणूस आत उभा राही आणि लिफ्टला सांगितलं जाई, हे शंभर. लिफ्ट बिचारी विश्वास ठेवी. त्यामुळे पुढे येणारा प्रत्येक जण तिला होता त्यापेक्षा जड वाटे. आठ माणसांची लिफ्ट सात माणसांत टुंई टुंई करू लागली. आठवा कोण, यावरून इमारतींमध्ये भांडणं पेटली. एका ठिकाणी कुणीतरी वकीलबाईंना "तुम्ही उतरा" म्हणालं. त्या उतरल्या, पण नोटीस घेऊन परत चढल्या. दुसरीकडे निवृत्त मास्तरांनी शेजाऱ्यांना वजनाप्रमाणे रांगेत उभं केलं आणि शेवटी स्वतःच बाहेर राहिले.

तक्रारी आल्या. सुपरवायझर शंभरला घेऊन प्रत्येक इमारतीत गेला, त्याला लिफ्टमध्ये उभा केला आणि आकडा वाचला.

"शंभर! बघा लोकहो. आत शंभर किलो, आकडा शंभर. यंत्रात खोट नाही."

आणि दारावर सूचना लागली: 'लिफ्ट निर्दोष आहे. रहिवाशांनी आपापलं बघावं.'

रहिवाशांनी बघितलं. आहारतज्ज्ञ बाईंकडे जिन्यापर्यंत रांग लागली.

शेवटी तो दिवस आला, ज्यासाठी शंभर सोळा-सोळा तास जगत होता. सुपरवायझर राहायचा त्या इमारतीची लिफ्ट. शंभर बाहेर पडला, सुपरवायझर पेटी बंद करायला आत गेला आणि पडद्यावर आकडा आला. पंच्याऐंशी.

सुपरवायझर ऐंशी किलोचा होता. निदान तशी त्याची समजूत होती.

"ए शंभर, हे काय दाखवतंय?"

"पंच्याऐंशी, साहेब."

"गोदामातला काटा ऐंशी दाखवतो."

"काटा जुना आहे, साहेब. लिफ्ट तुम्ही स्वतः लावलीय."

हे बरोबर वर्मी बसलं. स्वतःच्या हातच्या कामावर अविश्वास दाखवणं सुपरवायझरच्या रक्तात नव्हतं. त्याने काटा त्याच दिवशी मोडीत काढला आणि रविवारी वाढता वाढता, आवाज खाली आणून, विचारलं, "भावोजी, ते घड्याळाचं काय असतं हो? उपयोग होतो का?"

शंभरने तोंडातला घास सावकाश चावला. असा घास आयुष्यात एकदाच मिळतो.

"होतो की, दादा. सोळा तास काही खायचं नाही. आणि पापी पोटाने लिफ्टमध्ये पाय ठेवायचा नाही. जिना."

"अकरा मजले?"

"लिफ्ट तुम्हाला ओळखायला लागलीय, दादा. लोकांसमोर ओरडली तर?"

दोन महिने. सुपरवायझर सकाळी नुसत्या काळ्या कॉफीवर निघे, संध्याकाळी अकरा मजले चढे. शंभर मुद्दाम सकाळी नऊच्या सुमाराला पाव आणि लोणी घेऊन त्याच्या टेबलाशी येई आणि खात नसे. नुसता हुंगत उभा राही. दोघेही उपाशी, पण एकटाच सुखात.

सुपरवायझरच्या पट्ट्याला दोन नवी भोकं पडली. पट्टा ताणला असेल, असं त्याने धरलं. मग एका दुपारी त्याने ठरवलं, होऊन जाऊ दे. शंभरला अकराव्या मजल्यावर बोलावलं, लिफ्टमध्ये उभा केला, लिफ्टला पुन्हा नव्याने शिकवलं. आत उभा असलेला शंभर आता बारा किलो उतरून अठ्ठ्याऐंशीचा झाला होता. लिफ्टने मान डोलावली: शंभर. मग सुपरवायझर बूट काढून, डोळे मिटून आत शिरला.

पंच्याऐंशी.

तो बाहेर आला आणि जिन्यात बसला. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला. "दोन महिने भावोजी... एक ग्रॅम नाही... मी रात्री स्वप्नात केक बघतो... स्वप्नातसुद्धा खात नाही..."

शंभर उभा राहून बघत होता. एवढं बघून घरी जायला हवं होतं. पण सुडाचं असं आहे, की ज्याच्यावर घेतला त्याला कळला नाही तर तो नुसता व्यायाम होतो.

"दादा," तो म्हणाला, "मी अठ्ठ्याऐंशी किलोचा आहे."

"कधीपासून?" सुपरवायझरने नाक पुसत विचारलं.

"वही वाचली तेव्हापासून उतरतोय. मिठीचं माप वाचलं तेव्हापासून. शहरातल्या एकतीस लिफ्ट खोट्या शिकल्यात. सगळ्या तुमच्या सहीने."

सुपरवायझर उठला, गोदामात गेला आणि चारही लोखंडी वजनं स्वतः घेऊन आला. एकेक करून, कण्हत. "हात लाव ना," तो एकदा म्हणाला.

"वजनांनी वजनं उचलायची नसतात, साहेब."

लिफ्टने लोखंडाला एकशे चौदा म्हटलं. सुपरवायझरने भिंतीवर पेन्सिलने आकडेमोड केली आणि त्याला कळलं, की आपण पंचाहत्तर किलोचे आहोत. चेहऱ्यावर क्षणभर आनंद आला आणि लगेच लाज वाटून गेला.

"एकतीस इमारती," शंभर म्हणाला. "प्रत्येक ठिकाणी शंभर किलो लोखंड न्यावं लागणार. मी काही आता शंभर राहिलो नाही. माझी परीक्षा पास आहे. पाना द्या, मी लिफ्ट लावतो."

सुपरवायझरने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. एवढ्या मायेने त्याने पूर्वी कधी बघितलं नव्हतं. मग त्याने वही उघडली, 'वजन क्रमांक पाच' पुढचा शंभर खोडला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: अठ्ठ्याऐंशी.

"पेटीत कुठलाही आकडा भरता येतो," तो म्हणाला. "ए अठ्ठ्याऐंशी, हो आत. आणि ते सोळा तासांचं सोडू नकोस. तुला ते मानवलंय."

त्या संध्याकाळी अठ्ठ्याऐंशीने बायकोकडून कोरा कागद मागून घेतला आणि लिहिलं:

प्रति, मुख्य अधिकारी. मार्फत, सुपरवायझर. विषय: वस्तूंच्या यादीतून नाव कमी करून माणसांच्या यादीत घेण्याबाबत. महोदय, मी गेली सात वर्षे आपल्या कंपनीत वजन या पदावर कार्यरत असून मेकॅनिकची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण आहे. तरी विनंती, की मला एक पाना देण्यात यावा. सुपरवायझर यांची, चालू वजन पंचाहत्तर किलो, वजन क्रमांक सहा म्हणून नोंद घेण्यात यावी. त्यांना एकतीस लिफ्टमध्ये मध्यभागी, न हलता, उभे करण्यात यावे. आणि या अर्जावरील शिफारस त्यांनी स्वहस्ताक्षरात, आतून द्यावी. कळावे.