शिवणीतली माया

मला सगळे डावी म्हणतात. मी डावरी नाही. उजव्या हातानं जेवते, उजव्या हातानं लिहिते आणि वेळ आलीच तर उजव्याच हातानं एखाद्याला लगावूही शकेन. पण तीस वर्षांपूर्वी मी ताईच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या आणि हे नाव चिकटलं ते चिकटलंच. शिवणखान्यात नवीन बाई आली की आठवडाभर माझ्या हातांकडे टकामका बघत राहते. मग कुणीतरी तिला ती गोष्ट सांगतं आणि दोघी तोंडावर हात धरून हसतात.

ताईला दूर कुठेतरी थंड मुलखात नोकरी लागली होती. मी म्हटलं, कोट मी शिवून देते. कापड बेताचं होतं, दुहेरी घालून दोन्ही बाह्या एकदम काढाव्यात एवढं नव्हतं, म्हणून एकेरी पसरून एकेक कापली. अशा वेळी दुसऱ्या बाहीला कागदाचा नमुना उलटा ठेवायचा असतो. मी नाही ठेवला. त्या कापडाला सुलट-उलट बाजू होती, त्यामुळे बाही फिरवूनही लावता येईना. ताई जुना कोट घालून गेली. एका शब्दानं बोलली नाही. चार शब्द सुनावले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्या दिवसापासून मी मोठ्या कात्रीला हात लावलेला नाही. शिवण चुकली तर उसवता येते, कापलेलं काही पुन्हा सांधत नाही. शिवणखान्यात कापणारे मास्तर आहेत, ते कापतात, मी शिवते. लोकांचे गणवेश, कोट, झगे, सगळे माझ्या मशीनखालून गेले.

झोपेत मात्र मी कापते. दुपारच्या सुट्टीत मशीनवर डोकं टेकलं की पाच मिनिटांत माझ्यासमोर एक लांबच लांब टेबल येतं. खोलीला भिंती नसतात. कापड उलगडत येतं, धुरकट निळं, आणि ते संपतच नाही. माझ्या हातात मास्तरांची कात्री असते आणि तिचा आवाज होत नाही. मी पाठ कापते, पुढा कापते, कॉलर कापते, तुकडे आपोआप उचलले जातात आणि हळूहळू खिडकीकडे तरंगत जातात. बाह्या नेहमी बरोबर येतात, एक डावी, एक उजवी. जागी होते तेव्हा उजवा अंगठा खरोखर दुखत असतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून काय, अजून एक नाव पडलं असतं.

यंदा मास्तरांचा हात थरथरायला लागला. खडूची रेघ सरळ येईना. मालकीणबाईंनी सांगितलं की महिनाअखेरीपर्यंत आपल्यातल्या कुणी कात्री हातात घेतली तर उत्तम, नाहीतर कापणी बाहेर देऊ. मग मास्तरांचं टेबलही हलवणार होते. सगळ्यांनी एकमेकींकडे बघितलं. माझ्याकडे कुणीच बघितलं नाही. मला ते टेबल हवं होतं. जीव तुटावा इतकं हवं होतं, आणि कात्री समोर दिसली की मी नजर वळवत होते.

त्याच आठवड्यात मालकीणबाईंनी एक वर्ग ठेवला, तीन दुपारी, व्यक्तिमत्त्व विकासाचा. शिकवायला एक तरुण मुलगी आली, घट्ट काळा कोट, हातात रंगीत खडू. आम्ही लगेच तिचं नाव विकासबाई ठेवलं. तिनं फळ्यावर लिहिलं, ‘व्यक्तिमत्त्व विकास म्हणजे काय?’ आणि खाली फायदे लिहिले, एक ते सात. आत्मविश्वास, संवाद, वेळेचं नियोजन, असं बरंच. मी म्हटलं, बाई, व्यक्तिमत्त्वाचं ठाऊक नाही, कमरेचा विकास आमचा दरवर्षी होतो. इस्त्रीवाले काका इतके हसले की एक बाही करपली. ती पोरगीही हसली, हे मात्र मला आवडलं.

दुसऱ्या दुपारी तिनं चिठ्ठ्या वाटल्या. नाव लिहू नका म्हणाली. तुम्हाला येणारी पण कुणाला न दाखवलेली एक गोष्ट लिहा. मी बराच वेळ पेन्सिल चावली. मग लिहिलं, ‘मी झोपेत कापते.’ चिठ्ठ्या घडी करून कापणीच्या टेबलावर ठेवायच्या होत्या आणि टेबलापाशी बसले होते मास्तर. तीस वर्षं ते माझ्या हातच्या मापाच्या नोंदी वाचत आलेत. माझं अक्षर ते अंधारातही ओळखतील, हे मला घरी गेल्यावर सुचलं. शहाणपण मला नेहमी उशिराच सुचतं.

तिसऱ्या दुपारी विकासबाई आत्मविश्वासानं उभं कसं राहायचं ते दाखवत होती. दोन्ही हात वर केले आणि टर्रकन् बगलेत कोट उसवला. पोरीचा चेहरा एवढासा झाला. मी म्हटलं, आण इकडे. अस्तर उसवून आत बघितलं आणि सवयीनं बोलून गेले, यात माया नाही.

तिचे डोळे भरून आले. तो कोट तिच्या आईनं पहिल्या नोकरीला घेऊन दिला होता. मला आधी कळेना ही का रडतेय. मग कळलं. म्हटलं, अगं वेडे, आईची नव्हे, शिवणीतली माया. शिवताना आत दोन बोटं कापड जास्तीचं दाबून ठेवतात, त्याला आम्ही माया म्हणतो. पुढे माणूस वाढलं तर शिवण उसवायची आणि तेवढं सोडायचं. तयार कपड्यांत ती ठेवत नाहीत, म्हणून फाटतात.

तिनं डोळे पुसले, फळ्यावरच्या सात ओळींकडे बघितलं आणि खाली आठवी लिहिली, ‘माया’. मला वाटलं, आता ही यावर भाषण ठोकणार. नाही ठोकलं. खडू खाली ठेवला.

बगलेत छोटा तुकडा घालावा लागणार होता. मी काळी चिंधी घेतली, टेबलावर ठेवली, तुकडा कापला आणि तेव्हा लक्षात आलं की खोलीतली सगळी मशीनं थांबलीत. माझ्या हातात मास्तरांची कात्री होती.

मास्तर उठले, निळ्या जाड कापडाचा मोठा तुकडा ओढला आणि टेबलावर एकेरी पसरला. त्यावर कोटाच्या बाहीचा नमुना ठेवला. आता जागेपणी काप, दुहेरी कापायला कुणालाही येतं, एवढंच म्हणाले.

उन्हं तिरपी आली होती, इस्त्रीच्या वाफेत खोली अर्धी विरघळल्यासारखी दिसत होती. क्षणभर मला वाटलं, मी मशीनवर डोकं टेकून झोपलेय. मी एक बाही कापली. मग दुसरी कापली. दोन्ही उचलून सुलट बाजू समोर धरल्या आणि बघितलं.

दोन्ही डाव्या.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं, मी दोन शिव्या तरी हासडल्या असत्या. तीस वर्षं झोपेत बरोबर कापलं आणि जागेपणी तीच चूक, तशीच्या तशी. मी कात्री ठेवायला लागले तशी मास्तरांनी माझं मनगट धरलं.

“खाली बघ,” ते म्हणाले. “कापड किती उरलंय?”

टेबलावर अजून दीड हात कापड होतं. त्यांनी आधीच जास्तीचं पसरलं होतं.

“तू चुकणार हे मला माहीत होतं. घाबरलेलं माणूस चुकतंच. म्हणून माया ठेवली. त्या दिवशीही एवढं असतं तर तू तिसरी कापली असतीस आणि कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं. तुझ्यात काही कमी नव्हतं गं, डावे. कापड कमी होतं.”

मी रडले. लाज वाटली नाही. तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, पोटभर रडले. मग नाक पुसलं, नमुना उलटा ठेवला, दोनदा तपासला आणि तिसरी बाही कापली. कात्रीचा करकर आवाज झाला. स्वप्नात तो कधीच होत नाही.

विकासबाईचा कोट संध्याकाळपर्यंत नीट झाला. तिनं हात वर करून दाखवले, काही उसवलं नाही. जास्तीची डावी बाही इस्त्रीवाल्या काकांनी टेबलामागच्या खिळ्याला टांगली. राहू दे म्हटलं. आता ते टेबल माझं आहे, खिळाही माझाच.

घरी जाऊन ताईला फोन लावला. म्हटलं, तुझ्या बाहीची लांबी सांग.

ती म्हणाली, “कुठल्या बाहीची?”

“दोन्ही सांग,” मी म्हटलं. “दोन्ही सांग गं ताई.”