दीदीच्या ब्लॉगचा कीबोर्ड

मी कीबोर्ड बोलतोय. काळा, जाडजूड, वायरवाला. कळांवर हिंदी अक्षरांचे स्टिकर आहेत, त्यातल्या काहींचे कोपरे उचललेत. रायपूरच्या समता कॉलनीत, एका खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. पहिली आठवण आहे ती टायपिंग क्लासची. नवा रायपूरच्या सरकारी कचेऱ्यांत नोकरी लागावी म्हणून पोरं तिथं यायची आणि एकच उतारा पुन्हा पुन्हा बडवायची. त्याचा अर्थ ना त्यांना ठाऊक, ना मला. माझी ‘ळ’ची कळ तर कोरीच राहिली. हिंदीत तिला विचारतो कोण!

क्लास बंद पडला, सामान विकायला निघालं, तेव्हा पराग आला. गोल बाजारात भांड्यांच्या दुकानात काम करणारा, शाळा अर्ध्यात सोडलेला, मनात आलं की करून मोकळा होणारा पोट्टा. मला काखोटीला मारून त्यानं घरी आणलं आणि बहिणीपुढं आपटलं.

“ले दीदी. तेरे लॅपटॉप का बटन नहीं चलता ना? अब बहाना मत बनाना.”

ज्ञानदा हसली. तिच्या बोटांची आणि माझी ती पहिली भेट.

ती दिवसभर दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायची. संध्याकाळी चहा घेऊन माझ्यापाशी बसायची आणि मराठीतून ब्लॉग लिहायची. आपल्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली माणसं, बाजारातली भांडणं, आईचे नवस. वाचणारे मोजकेच. रोज उघडून बघायची, कुणी काही म्हटलंय का. बहुतेक वेळा कुणीच काही म्हटलेलं नसायचं. ती उसासा टाकायची, आणि पुन्हा लिहायची.

लिहिणाऱ्याची कोणती कळ आधी झिजते, सांगू? खोडायची.

लेख झाला की ती परागला समोर बसवून मोठ्यानं वाचून दाखवायची. तो वाचायला अडखळायचा, पण ऐकायला पक्का. तो जिथं खिशातला मोबाईल काढेल, तिथला मजकूर दीदी कापून टाकायची. या घरात लिहिण्याची हीच रीत होती.

एकदा कुणा अनोळखी माणसानं तिच्या लेखाखाली लिहिलं, ‘आधी शुद्ध मराठी शिका, मग लिहा.’ त्यानंतर तिची बोटं बदलली. सावध झाली, थंड झाली. ‘तथापि’ काय, ‘सदरहू’ काय! मला तर पुन्हा टायपिंग क्लासात गेल्यासारखं वाटायला लागलं. तिनं तो लेख परागला वाचून दाखवला. दुसऱ्याच ओळीला मोबाईल बाहेर.

“काहून रे? इतकं वाईट आहे?”

“ये बोल कौन रहा है, दीदी? तू तो ऐसा बोलतीच नहीं.”

“मग मी कशी बोलते?”

“जैसे आई पे चिल्लाती है, वैसा.”

स्वयंपाकघरातून आई, मंदाकिनीबाई, म्हणाल्या, “पाहा, घरात एकाले तरी समजलं!” ज्ञानदा इतकी हसली की चहा माझ्यावर सांडला. मग तिनं सगळं खोडलं आणि जशी बोलते तशी लिहायला बसली. ते दिवस माझे सुखाचे होते.

पावसाळा सरता सरता तिला ताप आला. दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही. याहून जास्त मला सांगता येत नाही.

परागनं माझी वायर उपटली आणि मला पलंगाखाली ढकललं. तिथं धूळ होती, आणि वर त्याचं रात्रंदिवस कूस बदलणं.

एक दिवस आई म्हणाल्या, “पराग, तिचं वाचणारे वाट पाहून राहिले असतील. त्याईले कोणी सांगितलं का?”

कुणीच सांगितलं नव्हतं. चुलतभाऊ शेखर शिकलेला. त्यानं मोबाईलवर चार ओळी लिहून आणल्या आणि वाचल्या, “अत्यंत दुःखद अंतःकरणाने कळविण्यात येते की...”

“भैया, ये तो किसी का भी हो सकता है,” पराग ओरडला. “इसमें मेरी दीदी किधर है?”

“मग तूच लिही ना! येतं का एक वाक्य धड?”

“नहीं आता. फिर भी लिखूँगा.”

त्यानं मला ओढून काढलं, फुंकर मारली, दीदीच्या लॅपटॉपला जोडलं आणि तिचा ब्लॉग उघडला. एका बोटानं एकेक अक्षर शोधू लागला. भांडी उचलून राठ झालेलं बोट. ‘माझी दीदी गेली. मी तिचा भाऊ. मले लिहिता येत नाही.’ खोडलं. पुन्हा तेच लिहिलं. पुन्हा खोडलं. मग त्यानं कपाळच माझ्यावर टेकवलं, आणि पडद्यावर अक्षरांची वेडीवाकडी रांग धावत सुटली.

आई मागं येऊन उभ्या राहिल्या. “हे काय लिहिलं रे?”

“कुछ नहीं, आई. रोना है.”

“राहू दे मग. तेही राहू दे.”

ती रांग तशीच राहिली. तिच्याखाली त्यानं लिहिलं, की दीदी भाजीवाल्याशी भांडायची आणि नंतर त्यालाच चहा पाजायची. की तिला गाता येत नव्हतं, तरी केस विंचरताना गायची. की आता घरात कुणी चिल्लात नाही. पुन्हा वाचलंसुद्धा नाही. दाबलं बटन, दिलं पाठवून.

दुसऱ्या दिवशी त्याखाली माणसं आली. कधीच काही न बोलणारी, गुपचूप वाचणारी. कुणाला तिची नवसाची गोष्ट आठवत होती, कुणाला बाजाराची. शेखर ते सगळं आईंना वाचून दाखवत होता आणि मधेच थांबून चष्मा पुसत होता. एका बाईनं एवढंच लिहिलं होतं, ‘भाऊ, अजून सांग.’

“अब क्या लिखूँ?” पराग घाबरला.

आई म्हणाल्या, “आज दुकानात काय झालं, ते लिही.”

आता मी म्हातारा झालोय. दोन कळा अडकतात, वायर वाकडी धरावी लागते. पण तुमच्यापैकी कुणी लिहायला घेऊन मधेच सोडलं असेल, कुणी वाचतच नाही म्हणून, तर माझं ऐका. ज्ञानदालाही वाटायचं, कुणी नाही. होते हो. फक्त बोलत नव्हते. ते तिला कळायला हवं होतं.

बरं, पुरे माझं. पराग दुकानातून आलाय, हात पुसत खुर्ची ओढतोय. मला कामाला लागायचंय.