मागच्या दाराची पिवळी पट्टी

मित्रांनो, मी दंडावर बांधायची एक जुनी पिवळी पट्टी आहे. पिवळी म्हणते ते तुम्ही माझ्या शब्दाखातर मान्य करा, कारण धुऊन धुऊन माझा रंग कधीच उडाला आहे.

माझा जन्म कात्रणांच्या ढिगात झाला. खेळाडूंचे कपडे शिवणाऱ्या एका कारखान्यात अस्तर कापून उरलेली चिंधी, ती मी. तिथे शिवणकाम करणाऱ्या एका बाईने मला घरी आणलं, माझ्या कडा दुमडल्या आणि भाचीच्या वेणीला मला रिबीन म्हणून बांधलं. भाची घरात कमी आणि गल्लीत जास्त असायची, तीही पळत, म्हणून मावशी तिला भिंगरी म्हणायची. रिबीन सुटायच्या आत परत ये, असं मावशी बजावायची. भिंगरी गल्लीच्या टोकाला हात लावून धापा टाकत यायची. गाठ मावशीने मुद्दाम सैल मारलेली असायची, हे फक्त मला ठाऊक होतं. तेवढाच काय तो माझा सुखाचा काळ.

कारखान्यातल्या शिलाईच्या हॉलला मागे एक लोखंडी दार होतं. बायकांनी कापड लंपास करू नये म्हणून कामाच्या वेळी त्याला बाहेरून कडी घालत. एका दुपारी हॉलमध्ये आग लागली. पुढे बसणाऱ्या बायका बाहेर पडल्या, त्यांत तिथेच शिवणकाम करणारी भिंगरीची आई होती. मागे बसणाऱ्या मागच्या दाराकडे धावल्या, त्यांत मावशी होती. दार उघडलं नाही. थोड्याच महिन्यांत हॉलला नवं छत आलं, नवी मशिनं आली आणि त्या दाराला पुन्हा तशीच बाहेरून कडी लागली. भिंगरीची आई डोळे पुसून पुन्हा कामावर गेली. घर चालायला हवं होतं.

भिंगरी तोवर मोठ्या मैदानांवर धावू लागली होती. छातीवर एका नामांकित कंपनीचं चिन्ह असायचं आणि तो कारखाना त्याच कंपनीचे कपडे शिवायचा. एका मोठ्या शर्यतीआधी आईने मला दुहेरी करून शिवलं आणि लेकीच्या दंडावर बांधलं. भिंगरी पहिली आली. तिच्यापुढे माइक धरले गेले, तेव्हा तिने माझ्यावर हात ठेवला.

"ही माझ्या मावशीची रिबीन आहे," ती म्हणाली. "मावशी ज्या हॉलमध्ये गेली, त्याचं मागचं दार आजही बाहेरून बंद असतं. ते उघडा. मला दुसरं काही नको."

मग काय, गहजब झाला. तुझं काम पळायचं, राजकारण करायचं नाही, असं तिचे सर म्हणाले. क्रीडा संघटनेने तिला स्पर्धांतून काढलं. कंपनीने तोंडातून ब्र काढला नाही. पण लोकांनी भिंगरीला डोक्यावर घेतलं आणि कंपनीला एकाएकी कंठ फुटला. आम्ही हिच्या पाठीशी आहोत, असं तिने जाहीर केलं. संघटनेनेही निमूटपणे बंदी उठवली. चौकाचौकात भिंगरीच्या दंडाचे फलक लागले आणि खाली दोन शब्द, 'दार उघडा'. फोटोसाठी मला इस्त्री झाली. खोटं कशाला बोलू, मी हुरळून गेले.

कंपनीच्या मॅडम फार गोड बोलायच्या. जगातल्या सगळ्या बंद दारांबद्दल बोल, असं त्या भिंगरीला सांगत. त्या एका दाराचं मात्र नाव नको, त्याची चौकशी चालू आहे. भिंगरीने विश्वास ठेवला. पुढे कंपनीने माझ्यासारख्या पट्ट्या विकायला काढल्या. शाळेतल्या मुलांपासून पुढाऱ्यांपर्यंत जो तो दंडावर पिवळी पट्टी बांधून हिंडू लागला.

एका संध्याकाळी आई कामावरून आली. भिंगरी तिच्या खांद्यावरचे दोरे वेचू लागली. दोरे पिवळे होते.

"आई, हे काय शिवताय तुम्ही?"

"तुझ्याच पट्ट्या. मोठी ऑर्डर आहे, मान वर करायला सवड नाही."

"आणि मागचं दार?"

आई खुर्चीवर टेकली. "बंद. आता पुढचंही लावून घेतात. पट्ट्यांना मागणी आहे ना, कुणी खिशात घालून नेईल म्हणून."

 भिंगरीने मला दंडावरून सोडलं. मी कापडाचा तुकडा, मला रडता येत नाही. त्या दिवशी यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने हे सगळं जाहीर सांगितलं. या वेळी कुणी ऐकलं नाही, कारण दार उघडा म्हणून झालं होतं आणि लोकांना वाटत होतं की ते उघडलं. कंपनीने हात वर केले. फलकांवर दुसरा चेहरा आला, दुसरं दुःख आलं. संघटनेने भिंगरीला पुन्हा कधी बोलावलं नाही. उरलेल्या पट्ट्या दुकानांच्या दारात टोपल्यांत पडल्या, एकावर एक फुकट.

आईची नजर अधू झाली, तेव्हा तिच्याऐवजी भिंगरी कामाला लागली. मुकादमाने तिला ओळखलं, पण हात चालतात एवढंच पाहिलं. जागा मिळाली ती मागे, मावशी बसायची त्या बाजूला. ती आता पळत नाही. सकाळी केस बांधताना मला वेणीत घालते, म्हणून मी पुन्हा रिबीन झाले आहे. आता गाठ मात्र घट्ट असते.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी आपल्याला जपा म्हणतात. मला जपू नका. माझ्यासारखी पट्टी विकतही घेऊ नका. रोज सकाळी मशीन सुरू होण्याआधी आम्हांला कडी लागल्याचा आवाज येतो. आम्ही आतून काही करू शकत नाही. कडी बाहेरच्या बाजूला आहे, आणि बाहेर तुम्ही आहात.