मडकं मागून न्यायचं असतं

चीनमधल्या शाओशिंगच्या त्या कालव्याकाठच्या गल्लीत काढ्याचं एकच मडकं होतं आणि त्यावर कुणाचीच मालकी नव्हती. ज्याच्या घरी दुखणं, त्याच्या शेगडीवर मडकं. काम झालं तरी ते परत करायला जायचं नाही. मडक्यासोबत आपलं दुखणं दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणारा माणूस कुणाला आवडेल? ज्याला लागेल त्याने दारात यावं, तोंडाने मागावं आणि घेऊन जावं.

गेले नऊ महिने मडक्याने युन्झीच्या स्वयंपाकघरात ठाण मांडलं होतं. तिची पाळी तीन-तीन महिने तोंड दाखवायची नाही, लग्नाला पाच वर्षं होऊनही पाळणा हलत नव्हता, आणि मोठ्या दवाखान्यात सोनोग्राफी करून पीसीओडी आहे असं सांगितलं होतं. तेव्हा शेजारीच वेगळ्या बिऱ्हाडात राहणाऱ्या सासूबाई तिला तोंग वैद्यीणबाईंकडे घेऊन गेल्या. बाईंनी तीन बोटांनी दोन्ही हातांची नाडी पाहिली, जीभ पाहिली, गर्भाशयात गारठा आहे म्हणाल्या, कलिंगड आणि आइस्क्रीम बंद केलं आणि मुळ्या, साली, वाळकी लाल बोरं यांच्या पुड्या बांधून दिल्या.

"नवऱ्यालाही एकदा घेऊन या," त्या म्हणाल्या.

"त्याला कशाला?" सासूबाई फणकारल्या. "माझा देछ्वान बैलासारखा धडधाकट आहे."

"बैलासारखा म्हणताय, म्हणूनच आणा."

सासूबाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

काढा इतका कडू की कारल्यानेही लाजावं. युन्झी नाक दाबून प्यायची. उरलेला चोथा सासूबाई युन्झीच्या दारासमोर वाटेवर ओतायच्या, कारण येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी तो तुडवला गेला की दुखणं वाटेला लागतं. समोरच्या पांग मावशी तर काडीने चोथा ढवळून "आज एक साल नवीन दिसतेय गं" असं जाहीर करायच्या. त्याचंही युन्झीला फारसं काही वाटत नसे. पांग मावशी निदान भाजी आणायला जाताना त्यावर मनापासून पाय देत. सासूबाई मात्र भिंतीला अंग घासत चोथा चुकवून जायच्या. बूट खराब होतात म्हणे. ते मात्र युन्झीला फार लागायचं.

सहाव्या महिन्यापासून पाळी दर महिन्याला येऊ लागली. नवव्या महिन्यात वैद्यीणबाईंनी नाडी सोडली आणि म्हणाल्या, "तुझा काढा आता पुरे. टाळीला दुसरा हात लागतो, तो आण."

देछ्वान बस चालवायचा. स्वभावाने गरीब, आईपुढे तर फारच गरीब. पण या वेळी गुपचूप गेला, तपासणी करून आला, वैद्यीणबाईंकडून घेतलेल्या पुड्या आईकडे ठेवल्या आणि दवाखान्याचा कागद आईच्या चहाच्या पेल्याखाली ठेवून ड्यूटीला पळाला. जेवढं बीज हवं त्याच्या निम्मंही नाही, असं त्यात लिहिलं होतं.

दुपारी सासूबाई पुड्या घेऊन युन्झीकडे आल्या. दार लावलं, खिडकीही लावली.

"हे उकळत जा. देछ्वान घरी आला की प्यायला दे. लोकांना वाटेल तुझंच चालू आहे. तुझं काय, सगळ्यांना माहीतच आहे."

युन्झी ओली भांडी पुसत होती. तिने मडकंही पुसलं आणि खिडकीत उपडं घातलं.

"माझं झालं, आई. आता ज्याला हवं त्याने मागून न्यायचं. दारात येऊन. तुम्हीच शिकवलंत."

"आपल्याच घरात आपणच एकमेकींकडे मागायचं?"

"नऊ महिने चोथा एकटीच्या नावाने पडला ना? मग मडकंही ज्याच्या त्याच्या नावाने जाऊ दे."

सासूबाई पाय आपटत गेल्या. बाजारातून नवं मडकं आणलं आणि रागाच्या भरात न भिजवता थेट गॅसवर चढवलं. ते फुटल्याचा आवाज पांग मावशींनाही ऐकू गेला. तीन दिवस दोन्ही घरांत अबोला. युन्झीला धाकधूक वाटत होती. मूल तिलाही हवं होतं आणि पुड्या तिकडे तशाच पडून होत्या. दोनदा मडकं हातात घेऊन ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि परत फिरली.

चौथ्या दिवशी सकाळी सगळ्या बायका कालव्याच्या पायऱ्यांवर पालेभाजी धूत असताना सासूबाई सुनेच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. केस विंचरलेले, अंगात नवा कोट.

"युन्झी, मडकं मागायला आले आहे."

पायऱ्यांवर पाणी खळबळायचं थांबलं.

"अगंबाई, कुणाला काय झालं?" पांग मावशींनी विचारलं.

सासूबाई पायऱ्यांकडे वळल्या. "माझ्या देछ्वानला. सुनेचं दुखणं बरं झालं. राहिलं ते त्याच्याकडे आहे."

युन्झीने तीन दिवस एक खोचक वाक्य घासूनपुसून ठेवलं होतं. ते तिला सापडलंच नाही. तिने दोन्ही हातांनी मडकं पुढे केलं.

"मंद आचेवर ठेवा, आई. आणि त्यांना सांगा, नाक दाबून प्यायचं."

दुसऱ्या दिवशी ती कामावर निघाली तेव्हा सासूबाईंच्या दारासमोर काळा, वाफाळता चोथा पडला होता. सासूबाई रिकामं मडकं घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या आणि सुनेच्या पायांकडे बघत होत्या. युन्झीच्या पायात गेल्याच आठवड्यात घेतलेले पांढरे बूट होते. भिंतीकडून जायला भरपूर जागा होती. ती चोथ्याच्या मधोमध गेली, दोन्ही पाय नीट रोवले, आणि मग बसथांब्याकडे चालू लागली.